नंबर किती?

मराठी माणसाचा निम्मा जन्म नंबर लावण्यात जातो आणि उरलेला निम्मा नंबर सांगण्यात. शाळेत 'नंबर कितवा आला?', नळावर 'माझा नंबर आधी होता', दवाखान्यात 'अजून किती नंबर आहेत हो?'. एके काळी स्कूटरला, गॅसला आणि टेलिफोनला नंबर लावून ठेवावे लागत, आणि ते लागेपर्यंत लावणाऱ्याची मुलं लग्नाची होत. ह्या सगळ्या नंबरांत एकच असा आहे की तो लागला म्हणून कुणी पेढे वाटत नाही. तो म्हणजे चष्म्याचा.

चष्म्याच्या बाबतीत 'नंबर किती?' हे ज्या आवाजात विचारतात, तो आवाज आपण एरवी 'केव्हा गेले?' विचारण्यासाठी राखून ठेवलेला असतो. 'वजा दोन' म्हटलं की समोरचा 'अरेरे' म्हणतो. 'वजा पाच' म्हटलं की तो काहीच म्हणत नाही, नुसता खांद्यावर हात ठेवतो. आणि गंमत बघा, पावशेर दुधात अर्धा पळी पाणी जास्त पडलं तर गवळ्याशी तासभर भांडणारा हा समाज, 'दोन म्हणजे दोन काय?' असं कधीही विचारत नाही. दोन किलो? दोन इंच? दोन टक्के? आमच्या थोरल्या काकांची समजूत अशी होती की डोळा मुळात शंभर नंबरी असतो आणि डॉक्टर त्यातून वजा करत जातात. काकूंचं आणखी वेगळं. डॉक्टरांनी 'सिक्स बाय सिक्स' म्हटल्याचं त्या घरी येऊन अशा अभिमानाने सांगत की, ऐकणाऱ्याला वाटावं, काकूंच्या डोळ्याची नसून माजघराची मापं घेतलीत.

डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. इतर डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून कळत नाही. ही वाचता येते तरी कळत नाही. अधिक, वजा, पाव, अर्धा, पाऊण, एखादा १८०, एखादा ९०. पंचांगसुद्धा ह्याहून सोपं. पण मला हिशेबाची खोड आहे आणि ज्या आकड्यासाठी आपण पैसे मोजतो तो आकडा काय आहे हे कळल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून मी ह्या चिठ्ठीच्या मागे लागलो. तेव्हा असं आढळलं की ती एका माणसाने लिहिलेलीच नाही. तिच्या प्रत्येक रकान्यात एकेक वल्ली बसलेला आहे आणि ह्या वल्ल्यांना चिठ्ठी पुरी करायला जवळजवळ सहाशे वर्षं लागली.

पहिला चष्मा कुणी केला त्याचं नाव इतिहासाला माहीत नाही. त्या माणसाने नाव लिहून ठेवलं असेलही, पण बारीक अक्षरात. एवढं नक्की की तो इटलीत झाला, १२८६ च्या आसपास. कारण १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये जॉर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितलं, की चष्मे करायची कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. प्रवचनाचा कीर्तनाइतकाच मोठा फायदा असा, की बुवा विषय सोडून बोलतात आणि तेवढंच इतिहासाच्या कामी येतं.

चष्मा आला, पण तो का चालतो हे तीनशे वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकानदार परात पुढे करी. गिऱ्हाईक एकेक काच नाकाला लावून बघे, जी बरी वाटेल ती घेऊन घरी जाई. आपल्या जत्रेत आणि स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर ही पद्धत आजही चालू आहे, आणि ती अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. डोळ्याच्या आत पडद्यावर उलटं चित्र उमटतं आणि काच ते चित्र पडद्यावर नीट आणून बसवते, हे १६०४ साली सांगितलं ते योहानेस केप्लरने. हाच तो ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात असं सांगणारा केप्लर. त्याची स्वतःची नजर अधू होती. ज्याला आकाशातला तारा धड दिसत नव्हता त्याने ग्रहांचं वेळापत्रक बसवलं, आणि ज्यांना लख्ख दिसत होतं ते मेजवान्या झोडत बसले. असो.

१६२३ साली स्पेनमधल्या सेव्हिल गावी बेनितो दासा दे वाल्देस नावाच्या गृहस्थाने चष्म्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. हा गृहस्थ डॉक्टर नव्हता, धर्मन्यायालयातला लेखनिक होता. दिवसभर पाखंड्यांच्या जबान्या उतरवून घ्यायच्या आणि फावल्या वेळात चष्म्यांचा विचार करायचा. कारकुनी करता करता दुसराच उद्योग करणारे हे लोक मला फार जवळचे वाटतात. त्याने नजर मोजायची जी युक्ती सांगितली ती आपल्या कुठल्याही आजीने सांगितली असती. मोहरीचे दाणे एका ओळीत मांडायचे आणि किती लांबून ते मोजता येतात ते बघायचं. मिसळणाच्या डब्यात दृष्टिमापनाचं सगळं साहित्य! फक्त मोहरी गावागणिक लहानमोठी असते, एवढीच अडचण.

हीच अडचण पुढे काचांना आली. काचेचं बळ मोजायची रीत तशी सरळ होती. लांबून आलेला उजेड बहिर्गोल काच किती अंतरावर एका बिंदूत गोळा करते ते बघायचं. लहानपणी आपण सगळ्यांनी भिंगाने कागद जाळला आहे. काच आणि कागद ह्यांच्यातलं ते अंतर इंचांत मोजायचं. जितके इंच तितका नंबर. दहा इंचांवर जाळते ती दहा नंबरची काच, चाळीस इंचांवर जाळते ती चाळीस नंबरची. म्हणजे त्या काळी नंबर जितका मोठा तितका चष्मा हलका! वजा पाचवाल्या माणसाला त्या जमान्यात साधारण आठ नंबरचा चष्मा लागला असता आणि वजा एकवाल्याला चाळीस नंबरचा. सोयरिकी जुळवायच्या वेळी केवढा घोळ झाला असता ह्याची कल्पनाच केलेली बरी.

शिवाय इंच कुणाचा? पॅरिसचा इंच सत्तावीस मिलिमीटरांचा, इंग्रजांचा २५.४ चा आणि जर्मनांचे आणखी निराळे. पॅरिसमध्ये लिहून दिलेली दहा नंबरची काच लंडनमध्ये केली की थोडी जोरकस होई. आणि सर्वांत मोठा वैताग म्हणजे बेरीज. डॉक्टर डोळे तपासताना एका काचेवर दुसरी काच ठेवतात हे आपण पाहतो. दहा नंबरावर सोळा नंबर ठेवला तर किती नंबर होतो? सव्वीस नव्हे. एक दशांश अधिक एक सोळांश, म्हणजे तेरा ऐंशीअंश, आणि तो उलटा केला की सहा पूर्णांक दोन तेरांश. समोर पेशंट हनुवटी वर करून बसलेला आहे, डॉक्टर पाटीवर छेद सारखे करतायत. लसावि काढून होईपर्यंत पेशंटचा नंबर वाढत असणार.

ह्यातून वाट काढली ती फ्रान्समधल्या फेर्दिनां मोनोये ह्या डॉक्टरने, १८७२ साली. (सहा वर्षं आधी जर्मनीतल्या नागेलनेही इंच सोडून मीटर धरा असं सुचवलं होतं.) मोनोये म्हणाला, शेवटी अपूर्णांक उलटाच करायचा आहे ना, मग आधीच उलटा करून ठेवा. अंतर मीटरमध्ये मोजा, एकाला त्याने भागा आणि जे येईल त्याला डायॉप्टर म्हणा. एक मीटरवर गोळा करणारी काच एक डायॉप्टरची. अर्ध्या मीटरवर गोळा करणारी दोन डायॉप्टरची. पाव मीटरवर, चार. आता दोनवर अर्धा ठेवला की झाले अडीच, वाण्याच्या पोरालाही जमेल असा हिशेब. १८७५ साली ब्रुसेल्सला डॉक्टरांची परिषद भरली आणि तिने हे माप स्वीकारलं. तर मंडळी, 'दोन म्हणजे दोन काय?' ह्याचं उत्तर हे असं आहे. दोन म्हणजे उलटं करून ठेवलेलं एक अंतर.

वजावाल्यांसाठी तर हे अंतर अगदी हातात धरता येण्यासारखं आहे. वजा दोन म्हणजे, त्या माणसाला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं ते अर्ध्या मीटरपर्यंत. त्यापुढे धुकं. वजा चार म्हणजे पाव मीटरपर्यंत. वजा अर्धा म्हणजे दोन मीटरपर्यंत. एकाला भागा, संपलं.

पण ह्या उलट्या अपूर्णांकात एक खोच आहे आणि ती आपल्याकडच्या हळहळीच्या बरोबर विरुद्ध जाते. वजा चारचा नंबर वजा पाच झाला की घरात रडारड होते. प्रत्यक्षात त्या माणसाची हद्द पंचवीस सेंटिमीटरांवरून वीस सेंटिमीटरांवर आली, पाच सेंटिमीटर गेले. आणि शून्याचा वजा एक झाला की आपण म्हणतो, 'एकच तर नंबर आहे, कशाला हवाय चष्मा, गाजरं खा.' त्या एका नंबरात काय गेलं बघा. कालपर्यंत तो माणूस चंद्रापर्यंत, ताऱ्यांपर्यंत स्वच्छ बघत होता. आज त्याची हद्द एक मीटर. अनंतापासून एक मीटरपर्यंतचं सगळं जग त्या पहिल्या 'एकच तर' नंबराने नेलं.

माझा एक आतेभाऊ होता. आम्ही एका वर्गात आणि एका बाकावर. तो गणितात ढ होता, म्हणजे तसं जाहीर झालं होतं. फळ्यावर सर ११ लिहीत, ते ह्याच्या वहीत ९९ होऊन उतरत. देवनागरीतल्या एक आणि नऊमध्ये लांबून असा फरक तो किती? एका वाटोळ्याची तोंडं इकडेतिकडे. मग तो त्या ९९ चं गणित करी. आणि ९९ चं उत्तर बिनचूक काढी. सर उत्तर बघत, भोपळा देत आणि वर छडी. तीन वर्षं हे चाललं. तीन वर्षांत एकाही मोठ्या माणसाने हे पाहिलं नाही की ह्या पोराची सगळी चुकीची गणितं बरोबर आहेत. माझ्या वहीत बघून उतरवलं की त्याचं गणित सुटे, त्यामुळे कॉपी करतो हा आळ निराळा आला. वही एक फुटावर, फळा दहा-बारा फुटांवर. एकाला दोनाने भागायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या नजरेसमोर एक भागिले दोन मीटर बसलं होतं आणि त्यांना ते दिसलं नाही. चष्मा मुलाला लागला होता हे खरं, पण वर्गात कमी एकट्या त्यालाच दिसत होतं असं काही मला वाटत नाही.

पुढे शाळेत तपासणीला डॉक्टर आले. त्यांनी ह्याला भिंतीजवळ उभं करून पुठ्ठ्यावरचा इंग्रजी 'ई' दाखवला आणि दात कुठल्या बाजूला आहेत ते विचारलं. हा म्हणाला, 'कसले दात?' वजा दोन निघाला. आत्या त्या रात्री रडली. तीन वर्षांच्या छड्यांसाठी नव्हे, 'एवढ्याशा पोराला ढापण लागलं' म्हणून. 'मुलगा आहे म्हणून निभावलं,' असं आजीने सांत्वनही केलं, कारण मुलीला चष्मा म्हणजे त्या काळी हुंड्यात वाढ. चष्मा आला त्या दिवशी शाळेतून घरी यायला ह्याला संध्याकाळ झाली. शोधायला गेलो तर वाटेत उभा राहून समोरच्या वाड्यावरची कौलं मोजत होता. कौलं एकेक असतात हे त्याला नवीन होतं. छप्पर म्हणजे लाल रंगाचा एक उतार अशी त्याची दहा वर्षं समजूत. लगेच पहिलाबिहिला नंबर आला नाही त्याचा, अकरावा आला. पण एकला एक आणि नऊला नऊ म्हणू लागला.

आता चिठ्ठीतला अधिकचा भाग. ह्या बाबतीत मात्र जगातल्या सगळ्या भाषांनी मराठीपुढे हात टेकावेत. वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळशी' म्हणतो. वस्तूच्या नावातच वय! हॉलंडमधल्या उत्रेख्त गावच्या फ्रान्सिस्कस दाँदर्स ह्या थोर डॉक्टरने १८६४ साली जाडजूड ग्रंथात जे मांडलं ते आपल्या आज्यांनी एका शब्दात उरकलं होतं. दाँदर्सने काय केलं? जवळ बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं, तेव्हा तो जादा जोर माणसाला कुठल्या वयात किती लावता येतो ते मोजलं. आजच्या मापात सांगायचं तर दहाव्या वर्षी चौदा डायॉप्टर, विसाव्या वर्षी दहा, तिसाव्या वर्षी सात, चाळिसाव्या वर्षी साडेचार, पन्नाशीत अडीच, साठीला एक. कुठल्याही फंडातली शिल्लक इतक्या शिस्तीत कमी होत नाही. वर्तमानपत्र एक तृतीयांश मीटरवर, म्हणजे साधारण तेरा इंचांवर धरायचं तर तीन डायॉप्टर लागतात. पंचेचाळिशीत शिल्लक असते साडेतीन. म्हणजे तीन रुपये खर्च आणि साडेतीन रुपये पगार. सकाळचा अग्रलेख निभावतो, पण रात्री दिव्याखाली लग्नपत्रिकेवरची 'आपले नम्र' ही यादी वाचायची वेळ आली की उधारी सुरू. मग माणूस पेपर लांब धरायला लागतो. पन्नाशीत चाळीस सेंटिमीटर, ठीक आहे. साठीला एक मीटर. इथे हात संपतो.

दिलासा एवढाच की ही घसरण तळाला लागते. चाळीस सेंटिमीटरांवर वाचायला एकूण लागतात अडीच डायॉप्टर. डोळ्याने सगळाच जोर सोडला तरी काचेकडून मागायचे ते तेवढेच. म्हणून वाचायचा अधिकचा नंबर अडीच-तीनच्या आसपास थांबतो. सत्तरीनंतर तो वाढत नाही म्हणून डॉक्टरला शाबासकी देणाऱ्यांनी ही शाबासकी गणिताला द्यावी.

असंच श्रेय आमच्या थोरल्या काकांनी त्रिफळ्याच्या पाण्याला दिलं होतं. काका तरुणपणापासून वजा तीन. पंचावन्नाव्या वर्षी ते एकदम चष्मा काढून पेपर वाचू लागले. सगळी आळी बघायला आली. 'रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतो,' काका सांगत, आणि दुसऱ्या दिवशी आळीतला त्रिफळा संपला. आता वजा तीनवाल्याची हद्द एक भागिले तीन मीटर, म्हणजे बरोबर पेपर धरायच्या अंतरावर. तिथे त्यांना विनाखर्च, विनात्रिफळा, मरेपर्यंत दिसणारच होतं. काकांना हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर ते त्या माणसाशी बोलायचे थांबले असते.

लांबचं वेगळं, जवळचं वेगळं, असे दोन चष्मे खिशात बाळगायचा कंटाळा येऊन दोन्ही काचा अर्ध्या अर्ध्या कापून एका चौकटीत बसवल्या त्या बेंजामिन फ्रँकलिनने. १७८५ सालच्या एका पत्रात त्याने ह्या जोडचष्म्याचे फायदे सांगितलेत. त्यातला मला सर्वांत आवडलेला फायदा हा, की जेवणाच्या टेबलावर ताटातलंही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचं तोंडही दिसतं, त्यामुळे फ्रेंच जास्त समजतं. चष्म्यामुळे ऐकू येतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ह्यातलं मर्म कळेल. चष्मा काढून ठेवला की मलाही बायकोचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण ते कारण वेगळं असू शकेल.

चिठ्ठीत आणखी दोन रकाने असतात. 'सिलिंडर' आणि 'ॲक्सिस'. पुष्कळांच्या ते रिकामे असतात आणि ज्यांचे भरलेले असतात त्यांना वाटतं आपल्याला काहीतरी भारी झालंय. डोळ्याचा बाहेरचा गोल काही वेळा चेंडूसारखा नसतो, बाजूने किंचित दाबलेल्या बोरासारखा असतो. मग उभ्या रेघा एका अंतरावर नीट दिसतात आणि आडव्या दुसऱ्या. टॉमस यंग ह्या इंग्रज पंडिताने १८०१ साली हे स्वतःच्या डोळ्यात पकडलं. त्याच वर्षी जॉर्ज एअरी जन्माला आला, आणि चोविसाव्या वर्षी त्याच्या लक्षात आलं की वाचताना आपण डावा डोळा वापरतच नाही. हा पुढे ग्रीनिचचा राजज्योतिषी झाला. तेव्हा होता केंब्रिजमध्ये. त्याने पुठ्ठ्याला सुईने भोक पाडलं आणि त्यातून येणारा उजेड डाव्या डोळ्याने पुढेमागे करून पाहिला. एका अंतरावर ठिपक्याची एका दिशेने रेघ झाली, दुसऱ्या अंतरावर आडव्या दिशेने. दोन अंतरं, म्हणजे एकाच डोळ्याला दोन नंबर! मग गणित करून त्याने इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून अशी काच घासून घेतली, की तिचा जोर एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी. हे १८२५ साल. जादा जोर किती ते सिलिंडरच्या रकान्यात लिहायचं आणि तो कुठल्या दिशेला हे ॲक्सिसमध्ये, कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजतात तसं, १८० अंशांपर्यंत. त्यामुळे 'माझा नंबर एकशे ऐंशी आहे' असं सांगणाऱ्या बाईंनी घाबरू नये. तो तिरकेपणाचा पत्ता आहे, आणि एकशे ऐंशी म्हणजे चांगला आडवा, सरळ पत्ता.

राहिलं काकूंचं 'सिक्स बाय सिक्स'. ह्या अपूर्णांकाचा आणि डायॉप्टरचा संबंध चुलत चुलत. डायॉप्टर काचेचा, हा नजरेचा. हा आला दाँदर्सच्याच हाताखालच्या हेर्मान स्नेलेनकडून, १८६२ साली. स्नेलेनने आधी चौकोन आणि वर्तुळं वगैरे आकृत्या करून पाहिल्या, पण पेशंटला आकृती दिसली तरी तिला काय म्हणायचं ते सांगता येईना. म्हणून त्याने अक्षरं घेतली. ती पाच बाय पाच घरांच्या जाळीवर काढली, म्हणजे प्रत्येक अक्षर पाच घरं उंच आणि त्याची प्रत्येक रेघ एक घर जाड. आणि हे घर केवढं? डोळ्यापाशी एका कलेचा कोन करील एवढं. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात; ज्योतिषाची ओळख असणाऱ्यांना शब्द नवा नाही. सहा मीटरवर एक कला म्हणजे पावणेदोन मिलिमीटर आणि अख्खं अक्षर म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. हे सहा मीटरवरून वाचलंत की ६/६. वरचा अंक तुम्ही किती लांब उभे आहात तो. खालचा, ते अक्षर धडधाकट डोळ्याला किती लांबून दिसावं तो. ६/६० म्हणजे जे अक्षर इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहावर येऊन वाचावं लागलं. अमेरिकेत ह्यालाच वीस-वीस म्हणतात, कारण तिकडे अजून फूट चालतात. आणि ६/६ म्हणजे पैकीच्या पैकी असंही नाही. स्नेलेनने आपला सामान्य डोळा बेतानेच धरला होता. पुष्कळ तरुण पोरांना ६/५ सहज मिळतं. पैकीच्या पैकीपेक्षा जास्त मार्क मिळायची सोय असलेली ही एकमेव परीक्षा.

कोनाची गंमत अशी की ती आकाशालाही लागते. पौर्णिमेचा चंद्र साधारण तीस कला रुंद. म्हणजे ६/६ च्या ओळीतली फक्त सहा अक्षरं शेजारी शेजारी लावली की चंद्र झाकला. आणि लग्नात नवरानवरीला अरुंधती दाखवतात ना, ती वसिष्ठापासून बारा कलांवर. चांगल्या डोळ्याला हे अंतर म्हणजे चैन आहे. अडचण असली तर अरुंधतीच्या मंदपणाची आणि वसिष्ठाच्या झगमगाटाची. मंगल कार्यालयात गुरुजी पंख्याच्या दिशेने बोट करून 'दिसली?' विचारतात आणि फोटोसाठी चष्मा काढून ठेवलेला नवरदेव 'दिसली' म्हणतो, तो भाग निराळा.

सहाच मीटर का? तर सहा मीटरवरच्या वस्तूकडे बघायला डोळ्याला जोर लागतो एक षष्ठांश डायॉप्टर. चष्म्याच्या काचा मिळतात पाव-पाव डायॉप्टरच्या टप्प्याने. एक षष्ठांश पावपेक्षा लहान, म्हणून तो सोडून द्यायचा आणि सहा मीटर म्हणजेच अनंत असं धरायचं. मुंबईत मात्र सहा मीटर लांब खोली म्हणजे अनंतापेक्षाही दुर्मिळ. म्हणून तिथले डॉक्टर तीन मीटरवर आरसा लावतात आणि अक्षरं उलटी छापून डोक्यामागे टांगतात. जागेच्या टंचाईत अनंत दुमडून ठेवलेलं मी तिथेच पाहिलं.

पण ह्या अपूर्णांकावर नुसते विनोद करून भागत नाही. आपल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात, चांगल्या डोळ्याची नजर ६/६० पेक्षा कमी असेल तर माणूस अंध मोजला जाई. २०१७ साली ती रेघ ३/६० वर नेली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीशी जुळावी म्हणून. जुळवणं योग्यच असेल. पण सहाच्या जागी तीन लिहिला त्या दिवशी, दोन्ही रेघांच्या मधे उभी असलेली सगळी माणसं मोजणीतल्या आंधळ्यांतून बाहेर पडली, आणि त्यांतल्या एकालाही आदल्या दिवसापेक्षा एक अक्षर जास्त दिसलं नाही.

रेघ आली की तिच्या अलीकडे किंवा पलीकडे जायची गरज असलेली माणसं आली. कुणाला नोकरीसाठी तक्ता वाचायचा असतो, कुणाला सवलतीसाठी वाचायचा नसतो. पहिल्या जातीचे उमेदवार तक्ता सरळ पाठ करतात. हा रोग स्नेलेनच्याही आधीचा. जर्मनीतल्या क्युश्लरने सुरुवातीला पंचांगांतली आणि वर्तमानपत्रांतली चित्रं कापून, लहानमोठी चिकटवून तक्ता केला होता. पुढे १८४३ साली अक्षरांचे तक्ते काढायची वेळ आली तेव्हा त्याने एकदम तीन काढले, लोक पाठ करतात म्हणून. १८८८ साली लांडोल्टने अक्षरांना फाटाच दिला. एका ठिकाणी फुटलेली बांगडी दाखवायची आणि भगदाड कुठल्या बाजूला आहे ते विचारायचं. पाठ करायला काही नाही आणि लिहितावाचता यायची गरज नाही.

डायॉप्टरवाल्या मोनोयेनेही एक तक्ता केला होता. दहा टप्प्यांचा, खाली मोठी अक्षरं आणि वर जावं तशी बारीक. ओळी वाचल्या तर अर्थ काहीच लागत नाही. पण कडेची अक्षरं खालून वर वाचत गेलं की एका बाजूला निघतं फेर्दिनां आणि दुसऱ्या बाजूला मोनोये. हजारो पेशंट त्या तक्त्यासमोर बसले असतील, डॉक्टर आडवी ओळ दाखवतायत म्हणून आडवंच वाचत राहिले असतील. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सगळं घडघडा वाचून, दहापैकी दहा घेऊन, नजर शाबूत आहे ह्या आनंदात ते घरी गेले, आणि ज्याच्या नंबराने आपली नजर मोजली त्या माणसाचं नाव ढळढळीत समोर लिहिलेलं असून त्यांना ते दिसलं नाही.